एका जनावराला एकच बार

“बाय, कान झाका!”

भिंतीपलीकडून ही हाक आली, की मी हातातलं काम टाकून दोन्ही कानांवर तळवे दाबायची. मग परसात असा बार व्हायचा, की फळीवरची भांडी खणखणायची, गोठ्यातली म्हैस दाव्याला हिसडे द्यायची आणि खालच्या वाडीतली कुत्री उगाचच भुंकत सुटायची. धूर विरतो न विरतो तोच काकी चुलीपुढूनच विचारायच्या, “फुलली काय वो?”

“वाइच फुलली,” शिवरामतात्या बाहेरून सांगायचे.

“लोकांच्या घरात मोगरा फुलतो बाय, आमच्याकडं गोळी फुलते,” काकी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या आणि पुन्हा भाकरी थापायला लागायच्या.

ऐंशीनंतरची ती वर्षं. मी रत्नागिरी शहरात वाढलेली, आणि शिक्षिका म्हणून माझी पहिली नेमणूक झाली ती सावर्ड्याहून आत, एसटी जिथे नाक मुरडून परत फिरते अशा गावात. चार वाड्या, एक शाळा, शाळेसमोर शिमग्यात देवाची पालखी बसते तो दगडी चौथरा, म्हणजे सहाण, आणि उरलेलं सगळं रान. गावात पुरुष दोनच जातीचे, शाळेत जाणारे आणि काठी टेकणारे. मधले सगळे मुंबईला. तात्यांच्या पडवीला लागून असलेली खोली मला भाड्याने मिळाली. “शेजार चांगला हाय,” असं सांगून ज्याने मला खोली दाखवली, त्याने बंदुकीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

तात्या उंच, काटकुळे. अंगात बंडी, खाली खाकी चड्डी. उजवी भुवई कधीतरी दारूच्या भडक्याने जळालेली, ती परत धड उगवलीच नाही. त्यामुळे ते साधं बोलत असले तरी अर्धा चेहरा कायम चकित झाल्यासारखा दिसायचा. बोटं शिशाने काळवंडलेली. काकी त्यांना हात घासल्याशिवाय पानावर बसू देत नसत, आणि ते दर जेवणाला “ही घाण नाय, ह्या शिसा हाय” असं न चुकता सांगत.

बंदूक आजोबांच्या वेळची, ठासणीची. म्हणजे नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, तिच्यावर काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग गोळी, परत बोळा, आणि शेवटी मागे घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी बसवायची. एवढं होईपर्यंत काकींची भाकरी भाजून व्हायची. परवाना शेतीच्या राखणीचा. भातात डुकरं शिरतात, त्यांच्यासाठी. “ठासणीचा एकच बार,” तात्या म्हणायचे. “दुसरा भरीपर्यंत जनावर मामाच्या गावाला जातं.”

तर तो एकच बार नेमका कसा असावा, या प्रश्नाने या माणसाला पछाडलं होतं. केळीचा घड उतरला की लोक खांब तोडून गुरांपुढे टाकतात. तात्या तो खांब मुलीच्या लग्नाला राखल्यासारखा राखून ठेवत. परसातल्या गडग्यापुढे, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणापुढे, असे खांब एकामागे एक रचायचे, मधे नारळाची सुकी करवंटी बसवायची, आणि सगळ्यांच्या मागे ओल्या मातीने भरलेला रॉकेलचा डबा. केळीचा खांब म्हणजे भेकराचं मांस आणि करवंटी म्हणजे त्याच्या खांद्याचं हाड, असा हिशेब. भेकर म्हणजे आमच्या रानातलं शेळीएवढं हरीण, कुत्र्यासारखं भुंकतं. बार झाला की तात्या कोयता घेऊन उकिडवे बसायचे आणि केळीची सोपटं एकेक करून उलगडत गोळीची वाट शोधायचे. सापडली की पाण्यात खळबळून तळहातावर घ्यायची, उजेडात धरायची. काही गोळ्या गेल्या तशाच गोल बाहेर यायच्या. काही पावसाळी अळंब्यासारख्या पसरलेल्या. पसरलेली मिळाली की त्या दिवशी तात्या काकींच्या हातचं काहीही गोड मानून खायचे.

एकदा त्यांनी मलाच शिकवायला घेतलं. दोन गोळ्या माझ्यापुढे ठेवल्या. “नख लावा बाय.” एकीवर नखाची रेघ उमटली, दुसरीवर नाही. “ही मऊ. ही मांसात शिरली की पसरते, थांबते. जनावर उभ्या जागी बसतं. ही दुसरी कडक. ही शिरते तशीच भायर जाते. जनावर मराचा ता मरतं, पन कुठं जाऊन मरतं ता त्याला ठावं. आन गोळी भायर पडली की ती कोनाच्या बापाची नाय.”

“मग मारूच नये,” मी म्हटलं.

“मंग डुकरा भात खातील.”

“डुकरांचं समजलं. भेकरानं काय केलंय?”

त्यांनी दोन्ही गोळ्या उचलून खिशात टाकल्या. मला शिकारीचं कौतुक नाही, हे इथेच सांगून टाकते. हरणं मारायला कायद्याने बंदी होऊन कितीतरी वर्षं झाली होती. पण शिमग्याला देवाच्या नावाने रान काढायचं आणि भेकर मिळालं तर मारायचं, ही गावाची रीत. कायद्याचं विचारलं की गावकर म्हणायचे, “कायदा मुंबयत झाला बाय, देव हितला हाय.” गावकर म्हणजे गावचे मानकरी, देवळातला पहिला नारळ त्यांचा, शब्दही पहिला आणि शेवटचा त्यांचाच. तात्या त्यांच्यासारखे मुजोर नव्हते, पण शिमग्याच्या शिकारीला तेही जात. आणि वर मला सांगत, “मी नाय मारला तर दुसरा कोनतरी वायट मारंल.” हा युक्तिवाद मला कधी पटला नाही, आजही पटत नाही.

त्यांच्या या मऊ गोळीच्या वेडामागचं कारण मला काकींनी सांगितलं. तात्या तरुण असताना त्यांनी एका भेकराच्या मादीवर बार टाकला होता. गोळी कडक, इकडून गेली, तिकडून निघाली. मादी पळाली. तात्यांनी दोन दिवस रान तुडवलं. मग ती ओहोळाच्या काठाला सापडली, जिवंत. भोकात किडे पडलेले आणि ती मान लांब करून पाण्यापर्यंत पोचायला बघत होती. “घरी आले ते जेवले नायत,” काकी म्हणाल्या. “मना वाटला, आता बंदूक इकतील. तर ह्यांनी केळी लावली.”

मऊ शिसं मिळवणं हे एक वेगळंच प्रकरण होतं. बाजारात मिळायचं ते गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्यांमधलं, कडक. मऊ शिसं असतं कोळ्यांच्या जाळ्यांना. म्हणून वर्षातून एकदा तात्या पहाटेच्या एसटीने चिपळूण, तिथून खेड, खेडहून दापोली असे हाडं खिळखिळी करून घेत हर्णेला जायचे. एका वर्षी मी दापोलीला मैत्रिणीकडे जाणार होते, तर आम्ही बरोबरच निघालो आणि मी हौसेने हर्णेपर्यंत गेले. संध्याकाळचा लिलाव चालला होता. पापलेटं, सुरमया, कोलंबीचे ढीग, बायकांची बोली, आणि त्या गर्दीत हा माणूस खाली मान घालून फाटक्या जाळ्यांतून शिशाचे मणके चाचपत हिंडतोय. प्रत्येकाला नख लावून बघतोय. एक कोळीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, “ओ भाव, मासं त्या बाजूला हायत. हितं काय उवा शोधता?” तात्यांनी तिला शांतपणे सांगितलं, “मना मासं नको, शिसा होवा.” ती इतकी हसली, की तिने शिशाबरोबर मूठभर सुका जवळाही त्यांच्या पिशवीत टाकला. तो जवळा खेडच्या स्टँडवर पिशवीसकट राहिला. शिसं मात्र त्यांनी चड्डीच्या खिशात घातलं होतं. ते घरी सुखरूप आलं. काकी त्यांच्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. समुद्राला जाऊन माणूस हात हलवत येतो, हे कुठल्या बाईला पटेल?

गोळ्या ओतायचा दगडी साचा तात्यांच्या घरात होता, गावात दुसरा नव्हता. त्यामुळे गावातल्या सगळ्या बंदुकवाल्यांना गोळ्या तेच ओतून देत. फुकट. फक्त अट एकच, दुसरं शिसं आणायचं नाही. लोक त्यांच्या माघारी हसत. पण घेत.

मग अनंत आला. अनंत त्यांचा एकुलता एक मुलगा, मुंबईत मोटारींच्या गॅरेजमध्ये कामाला. मे महिन्यात आणि शिमग्याला यायचा. केस कानांवर, पँट खाली घंटेसारखी, आणि बोलण्यात सारखं ‘आमच्या तिकडे’. वाईट मुलगा नव्हता. बापाने आपल्याकडे कौतुकाने बघावं एवढीच त्याची भूक होती, आणि तात्यांना कौतुक फक्त शिशाचं. त्या वर्षी तो शिमग्याच्या आधी आला तो बॅटरीच्या पट्ट्यांचं शिसं पिशवीभर घेऊन. म्हणाला, “बाबा, तुमची मऊ गोळी डुकराच्या खांद्यावर चपटी होऊन बसते. ही माझी बघा.”

दुसऱ्या दिवशी परसात निम्मा गाव जमला. गावकर खुर्ची मागवून बसले. खांब रचले, करवंट्या बसवल्या. आधी तात्यांनी बार टाकला. गोळी करवंटी फोडून पुढच्या खांबात थांबली. तात्यांनी ती काढली, धुतली, सगळ्यांपुढे फिरवली. रुपयाएवढी पसरली होती. लोकांनी ‘बरी हाय’ म्हटलं. मग अनंतने टाकला. त्याची गोळी सगळे खांब, करवंट्या, मातीचा डबा, डब्याचा मागचा पत्रा, असं सगळं भेदून गडग्याच्या दगडावर जाऊन फुटली. दगडाची कपची उडाली.

“आरपार!” गावकर खुर्चीतून उठले. “ह्याला म्हनतात गोळी!” सगळा परस ‘आरपार, आरपार’ करत नाचायला लागला. अनंतचा चेहरा मी बघितला. असा आनंद त्याला पगाराच्या दिवशीही झाला नसेल.

तात्या केळीच्या खांबापाशी बसून होते. “अरे पन भोक बगा,” ते म्हणत होते. “गेली तेवढाच भोक. भायर पडली ती कुठं गेली असती? गडगा नसता तर कुठं गेली असती?” त्यांच्याकडे कुणीच बघत नव्हतं. लोकांना खोली दिसते, रुंदी दिसत नाही. शाळेत मी हेच रोज बघत होते, मोठ्याने पाठ म्हणणारा पोरगा हुशार आणि समजून गप्प बसलेला ढ. पण तिथे फार तर एखादा पोरगा नापास होतो.

त्या रात्रीच अनंतने बापाच्या साच्यातून गावकरांना पिशवीभर कडक गोळ्या ओतून दिल्या. तात्यांनी साचा हिसकावून घेतला नाही. पोरगा वर्षातून दोनदा घरी येतो, त्याच्याशी किती भांडायचं, असं काकी म्हणाल्या आणि त्यांनी ऐकलं.

शिमग्याची शिकार दिवसाढवळ्या असते. हाकारे रानाच्या एका टोकाने आरडाओरडा करत, डबे बडवत निघतात. बंदुकवाले दुसऱ्या टोकाला ठरलेल्या जागी दबून बसतात. त्या दिवशी ओहोळाच्या अलीकडे दोन दगडांआड तात्या आणि गावकर जवळजवळ बसले होते. अनंतच्या नावावर परवाना नाही, तो हाकाऱ्यांत. हाकाऱ्यांत पांडूही होता. पांडू खालच्या वाडीतला, दुसऱ्याच्या शेतावर राबणारा, गळा असा की त्याची एकट्याची हाळी सगळ्या डब्यांना भारी. त्याची पोरगी शकू माझ्याकडे दुसरीत होती.

भेकर निघालं ते आडवं. दोन बार झाले, एकावर एक. भेकर कोलमडलं. आणि गावकर दगडामागून उठून ओरडले, “माजा बार! माजा बार!”

हे असं ओरडणं रीतीतलंच. आमच्याकडे शिकारीचा नियम, एका जनावराला एकच बार. किती जणांनी बंदुका झाडल्या त्याला अर्थ नाही. ज्याच्या बाराने पडलं तो एकच धरायचा, बाकीचे झालेच नाहीत असं समजायचं. ज्याचा बार, त्याला मुंडी. तो मान. त्यावरून भावाभावांत डोकी फुटलेली. म्हणून जो आधी ओरडेल त्याचं आधी.

गावकर ओरडत होते आणि हाकारे धावत येत होते. त्यांत पांडू नव्हता. तो भेकराच्या पलीकडे, करवंदीच्या जाळीत पडला होता. ओहोळाच्या वाटेने तो इतरांच्या पुढे निघून आला होता. छातीत भोक. बारीक, स्वच्छ. अनंतने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तोवर सगळं संपलेलं.

पुढचं जे झालं ते मी सहाणेपासून चार पावलांवरच्या शाळेच्या ओट्यावरून माझ्या डोळ्यांनी बघितलं. पांडूला झोळीत घालून आणलं, आणि ऊन कलायच्या आत जाळलंही. कड्यावरून पडला, असं वर कळवायचं ठरलं. कारण खरं सांगितलं तर भेकर मारल्याचं निघणार, सगळ्यांच्या बंदुका जाणार. भागीरथीला, त्याच्या बायकोला, चार बायकांनी धरून ठेवलं होतं. तिने भोक बघितलं होतं. तिला कड्याचं सांगण्यात अर्थ नव्हता. ती एवढंच विचारत होती, “कोनाचा बार? मना सांगा, कोनाचा बार?”

स्मशानातून लोक आले, विहिरीवर आंघोळी केल्या आणि सहाणेवर वाटे घालायला बसले. मला वाटलं, माझे डोळे मला फसवतायत. पण देवाची शिकार टाकता येत नाही म्हणे. माणूस जाळता येतो, मांस टाकता येत नाही.

भेकर उघडलं. दरवर्षी जनावर उघडलं की तात्या पुढे होऊन आत हात घालून गोळी शोधत. त्या दिवशी कुणी त्यांना बोलावलं नाही. तरी ते पुढे झाले. सवयीने झाले की मुद्दाम, ते देव जाणे. त्यांनी खांद्याच्या हाडामागून गोळी काढली, लोट्यातल्या पाण्याने धुतली आणि सहाणेच्या दगडावर ठेवली. रुपयाएवढी पसरलेली, हर्णेच्या शिशाची. मग त्यांनी भेकराच्या बरगड्यांवर बोट ठेवलं. तिथे दुसरं भोक होतं, बारीक. त्यांनी भेकर उलटं केलं. पलीकडे तसंच भोक, तेवढंच. सांगायची गरजच नव्हती. इतकी वर्षं त्यांनी सगळ्यांना हेच तर शिकवलं होतं. सगळे त्या दोन भोकांकडे बघत होते आणि सगळ्यांना सगळं समजलं होतं.

गावकरांनी दगडावरची चपटी गोळी उचलली. “ही तुजी ना रे शिवराम?”

“माजी.”

“हाडात तुजी गोळी. म्हनजे बार तुजा.” त्यांनी भेकराची मुंडी उचलून तात्यांच्या पुढ्यात ठेवली. “मुंडी तुजी. आन एका जनावराला बार एकच. दुसरा झालाच नाय.”

बार एकच, तर तोच भेकराला लागला आणि तोच पांडूला. ज्या गोळीने तात्या निर्दोष ठरत होते, तीच हातात धरून गावकरांनी त्यांना खुनी ठरवलं होतं. आणि वर मानही दिला होता.

“माजी गोळी जनावरात हाय,” तात्या म्हणाले. “दुसरी...”

“दुसरी कोनाची ता इचाराचा असंल तर इचारू,” गावकर खालच्या पट्टीत म्हणाले. “मंग ती ओतली कोनी, कुठल्या साच्यात ओतली, तापन इचारावा लागल. तालुक्याला जाऊन इचारू. अन्या हितंच हाय.”

अनंत सहाणेच्या कोपऱ्याला उभा होता. शर्टावर पांडूचं रक्त वाळलेलं. तात्यांनी त्याच्याकडे बघितलं. बापाने कौतुकाने बघावं म्हणून धडपडणारा तो पोरगा त्या वेळी बापाकडे कसा बघत होता, ते मला विसरता येत नाही. ‘घ्या ना बाबा,’ एवढंच त्या नजरेत होतं.

तात्यांनी वाकून मुंडी उचलली.

वाटे पडले, लोक आपापला वाटा पानात बांधून घरी गेले. कुणाच्या घशाखाली ते कसं उतरलं असेल, मला आजही कळत नाही. उतरलं एवढं खरं. माझ्याकडेही एक वाटा पाठवला होता. मी तो दारातून परत केला. ‘बाई भटाळलेली हाय’ असं लोक म्हणाले. म्हणू देत. काकींनी मुंडी फणसाखाली खड्डा खणून पुरली आणि त्यानंतर गावकरांच्या घरातल्या हळदीकुंकवाला त्या कधी गेल्या नाहीत.

मी तात्यांशी भांडले. पडवीत उभी राहून मोठमोठ्याने भांडले. “तुम्हाला माहिती आहे, सगळ्या गावाला माहिती आहे, फक्त त्या बाईला माहिती नाही. तिला तरी सांगा.”

“सांगून काय व्हईल, बाय? ती केस करील. गावकर सुटतील, त्यांचा वकील हाय. अन्या आत जाईल.”

“अनंतने मुद्दाम केलं नाही.”

“मीपन नाय केला,” तात्या म्हणाले. “पन कोनीतरी केला आसा होवा ना.”

अनंत तिसऱ्या दिवशी मुंबईला गेला. एसटीत चढताना म्हणाला, “बाबा, तुमी मुंडी घेतलीत ना, मग झालं. आता कोण बोलणार नाही.” त्यानंतर तो शिमग्याला आला नाही. मग मेमध्येही येईना.

तेराव्याला तात्या खालच्या वाडीत गेले. सांगायलाच गेले होते, असं ते मला नंतर म्हणाले. मनाशी सगळं जुळवून, एक कडक गोळी आणि एक मऊ गोळी खिशात घालून. भागीरथी दारात धान्य पाखडत बसली होती. तिने मान वर केली आणि विचारलं, “मुंडी गोड लागली काय, तात्या?”

तात्या आल्या पावली परत फिरले. “तिना आसा इचारल्यावर काय बोलू, बाय?” ते म्हणाले. “मी तिच्या तोंडाकडं बगला. तिना आता कायतरी धरलान हाय. ता सोडला तर ती पडंल.” मला हे पटलं नाही. मला वाटतं ते घाबरले. मुलासाठी घाबरले असतील, पण घाबरलेच. आणि तरीही त्यांच्यावर मला नीट रागवता येत नव्हतं. सगळा राग गावकरांच्या वाट्याला ठेवून मी मोकळी झाले.

गावकरांनी भागीरथीला बालवाडीत मदतनीस म्हणून चिकटवून दिलं. दिवाळीला लुगडं. शकूला दप्तर. पोरगी वर्गात सगळ्यांना सांगायची, हे गावकर आजोबांनी दिलं. एकदा तात्या शाळेवरून चालले होते तर खिडकीतून बोट दाखवून ती शेजारच्या मुलीला म्हणाली, “त्यो बग, माज्या बाबाला त्याना मारला.” मी तिला गप्प केलं. काय सांगून गप्प करणार? ‘असं बोलू नये’ म्हटलं. आपल्याकडे एवढं एक वाक्य सगळ्याला पुरतं.

तात्यांची बंदूक त्यानंतर खुंटीवरच राहिली. केळीचे खांब म्हशीला जाऊ लागले. पुढच्या भादव्यात डुकरं त्यांच्या भातात शिरली, तर तात्या बांधावर बसून रॉकेलचा डबा बडवत राहिले. डुकरांना डब्याची भीती किती? निम्मं पीक गेलं. आणि बाकीच्या बंदुकवाल्यांनी त्या वर्षीही शिमग्याला रान काढलं. गोळ्या सावर्ड्याहून कुणीतरी ओतून आणल्या होत्या. कडक.

दोन-तीन वर्षांनी माझी बदली झाली. सावर्ड्याच्या स्टँडवर मला पोचवायला तात्या आले. नको नको म्हणत असताना माझी ट्रंक त्यांनी खांद्यावर घेतली होती. काकींनी बरोबर फणसपोळी दिली होती, ती त्यांनी तीनदा मला पिशवीत घातली का म्हणून विचारलं. चिपळूणची गाडी लागायची होती.

तेवढ्यात गावकरांची जुनी जीप येऊन थांबली. मागून भागीरथी उतरली, हातात गाठोडं, बरोबर शकू. गावकरांनी मुंबईत आपल्या नातेवाइकांकडे तिला कामाला लावलं होतं. राहायची सोय, पोरीची शाळा, सगळं बघितलं होतं म्हणे. भागीरथीने आम्हाला बघितलं. मला ती हसली. तात्यांना बघताच तिने शकूला ओढून आपल्या दुसऱ्या बाजूला घेतलं.

गाडी लागली. तात्यांनी माझी ट्रंक टपावर चढवली, दोरीने बांधली, खाली उतरले. भागीरथीचं गाठोडं फलाटावर होतं. त्यांनी त्याकडे हात केला. “नको,” ती म्हणाली. “तुमचा हात नको.” तिने ते स्वतःच आत ढकललं. मग ती मागे वळली आणि गावकरांच्या पायांवर डोकं ठेवलं. अगदी देवळात ठेवतात तसं, कपाळ टेकून. शकूला म्हणाली, “पाया पड. ह्ये नसते तर आपला काय झाला असता?” पोरगी वाकली. गावकरांनी दोघींच्या डोक्यावर हात ठेवला. “सांबाळून जावा,” ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. खोटं नसावं ते. हेच मला सगळ्यात भयंकर वाटतं.

मी खिडकीतून तात्यांकडे बघत होते. तेही पाया पडणाऱ्या त्या दोघींकडे बघत होते. एकदा त्यांचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता. आत्ता तरी. पण त्यांनी नुसती मान खाली घातली, खरंच त्यांनीच ते केलं असावं अशी.

भागीरथी माझ्या पुढच्या सीटवर येऊन बसली. कंडक्टरने दोरी ओढली. बाहेर गावकर जीपकडे वळले होते. जीपचा मागचा पडदा वर करून त्यांनी हाक मारली, “चल रे शिवराम, ऊन हाय. घरी सोडतो.”

तात्या चपला हातात घेऊन मागून चढले आणि भागीरथीने रिकाम्या केलेल्या जागेवर जाऊन बसले.